चाळीस पानांची वाडी

शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात कुणीतरी माइकवरून परस्पर जाहीर करून टाकलं, "गुरुजी आता निवृत्त आहेत. वाडीचा इतिहास तेच लिहितील." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर नाही म्हणायची सोय राहत नाही. चाळीस पानांची पुस्तिका, मुदत तीन महिने. लागली तीन वर्षं.

वाडी म्हणजे किर्लोस्करवाडी. सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. पुण्याकडून मिरजेला जाताना ताकारी गेलं की पुढचं स्टेशन. माझे वडील तिथल्या फाउंड्रीत मोल्डर होते. माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात मास्तरकीत गेली, पण सणासुदीला गाडी धरून वाडीलाच यायचं. वाडीबद्दल जे कळलं ते पुस्तिकेत छापलंय. छोट्या गावाचा इतिहास लिहिताना माणूस कुठं कुठं ठेचकाळतो, ते मात्र तिथं छापता आलं नाही. ते इथं सांगतो.

१. जन्मतारीख सापडली म्हणून हुरळून जाऊ नका

आपल्याकडच्या गावांना जन्मतारीख नसते. शेजारच्या कुंडलला जाऊन गाव कधी वसलं विचारा, लोक देवळाकडं आणि डोंगराकडं बोट दाखवतील. वाडीला मात्र चक्क तारीख आहे : १० मार्च १९१०. बेळगावहून लक्ष्मणराव किर्लोस्कर आपला कारखाना आणि आपली माणसं घेऊन कुंडल रोड या आडबाजूच्या स्टेशनाशेजारी आले. ३२ एकर जागा, त्यात निवडुंग आणि नाग. स्टेशनचं नाव पुढं बदलून किर्लोस्करवाडी झालं.

मी पहिलं वाक्य झोकात लिहिलं : 'एका ओसाड माळावर नंदनवन फुललं.' वडिलांबरोबर काम केलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या एका आबांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वसाड म्हंजे रं? आमचा आज्जा मेंढरं घिऊन जायाचा की त्या अंगाला. तेची मेंढरं काय वारा खात हुती?"

'ओसाड' खोडलं, 'मुरमाड' लिहिलं. 'नंदनवन'ही त्याच झटक्यात गेलं. आपल्या आधी तिथं कुणीच नव्हतं, असं वाटायला लागलं की एखाद्या आबांना गाठावं.

२. गोष्ट सांगण्याआधी नकाशा काढून बसा

बेळगावचा कारखाना इथंच का आला, याचं उत्तर मी बरेच दिवस माणसांच्या थोरवीत शोधत होतो. ते अर्धं नकाशात होतं.

लक्ष्मणराव मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिकवलं. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडली. १८८८मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं, त्यातून पुढं कडबा कापायची यंत्रं आणि नांगर. धंद्याचा जम बसतोय तोवर नगरपालिकेला शहर वाढवायचं होतं, म्हणून जागा सोडायची वेळ आली. त्याच सुमाराला औंधला एका सभामंडपाचं काम त्यांच्याकडं होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९च्या नोव्हेंबरात गादीवर आलेले. स्वतः चित्रकार, कीर्तनकार. त्यांनी जागा दिली, भांडवलालाही हात दिला.

आता नकाशा बघा. औंध संस्थान सलग नव्हतंच. औंध एकीकडं, आटपाडी दुसरीकडं, कुंडल तिसरीकडं. फाटक्या गोधडीच्या ठिगळांसारखं. औंध गावाला आगगाडी नाही, पण कुंडलच्या ठिगळाला रेल्वेचा काठ लागलेला. लोखंड आणायचं आणि नांगर पाठवायचे तर रेल्वे हवी. म्हणून वाडी इथं.

त्याच संस्थानाचं एक ठिगळ कऱ्हाडजवळ, तेही रेल्वेच्या कडेला. तिथं १९१६मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला आणि ओगलेवाडी झाली. दोन वाड्या, एक राजा, एकच रेल्वेलाइन. याच बाळासाहेबांनी १९३९च्या जानेवारीत राज्यकारभारच प्रजेच्या हाती दिला. नकाशा नसता उलगडला तर या गोष्टी मी तीन वेगळ्या धड्यांत लिहिल्या असत्या.

३. कुणाला अडाणी म्हणण्याआधी त्याचा हिशेब विचारा

किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३चा. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, असं सगळीकडं सांगतात. मीही लिहिलं : 'अडाणी शेतकऱ्यांनी आधी नांगर नाकारला.'

आमच्या चुलत्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. तात्या म्हणाले, "लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार बलुत्यावर नीट करून द्यायचा. हा बिडाचा नांगर मोडला तर कुठं जायचं, कुणाला पैसं द्यायचं? ज्याच्या घरात पेरणीपुरतंच दाणं, त्यानं दोन वर्षं थांबून दुसऱ्याच्या रानात नांगर बघितला, तर तो अडाणी का शहाणा?"

मला उत्तर सुचेना. विषाची समजूत असेलही, पण तिच्या मागं हा हिशेब होता. नांगर पुढं खपला, तोही हा हिशेब जुळल्यावरच. जमीन खोल उलटते हे शेतकऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं तेव्हा. पुस्तिकेत आता 'सावध शेतकऱ्यांनी' असं आहे. एका विशेषणासाठी तात्यांनी मला दोन कप चहा पाजला आणि तासभर झापलं. दोन्हींचा उपयोग झाला.

४. नावं कशी लिहिली जातात तेही वाचा

वाडीची सर्वांत लाडकी गोष्ट पहारेकऱ्यांची. कारखान्याच्या राखणीला लक्ष्मणरावांनी तुरुंगातून सुटून आलेली माणसं ठेवली : तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. इंग्रजांनी १८७१चा कायदा करून कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारलेला होता. त्या काळात ज्याला दरोडेखोर म्हणून गाव ओळखतं, त्याच्याच हाती रात्रीचा कारखाना सोपवायचा, ही छोटी गोष्ट नव्हती. वाडीत शिवाशिवही पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता.

हे प्रकरण मी मोठ्या प्रेमानं लिहिलं आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडं टायपिंगला दिलं. तिनं फोन केला. "सर, लक्ष्मणरावांचे सहकारी बघा : शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर. सगळ्यांना राव आहे. या दोघांना आडनावाच्या जागी जात आहे आणि एकाला तर नुसतं पिऱ्या. राखण तर यांनीच केली ना?"

मी शंभर वेळा ती गोष्ट ऐकली होती, वर्गात सांगितलीही होती. मला हे कधी दिसलं नव्हतं. त्या दोघांची पूर्ण नावं शोधली, मिळाली नाहीत. मनानं घालणं बरोबर नव्हतं. शेवटी जी नावं चालत आली तीच छापली आणि तिचा प्रश्न खाली तसाच ठेवला. विश्वास टाकणाऱ्याचं नाव आपण लक्षात ठेवतो. तो निभावून दाखवणाऱ्याचं नावही तितक्याच आदरानं लिहायला पाहिजे.

५. कामाचे शब्द गोळा करा, गुणगान आपोआप कमी होतं

'येथील कामगार अत्यंत कष्टाळू आहेत' हे वाक्य कुठल्याही गावाला चिकटवता येतं. म्हणून मी ठरवलं, कष्टाळू म्हणायचं नाही, काम दाखवायचं.

वडिलांचं काम मातीचं. पॅटर्न बॉक्समध्ये ठेवायचा, भोवती माती भरायची, ठोकून घट्ट करायची, पॅटर्न अलगद उपसायचा. मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. माती ओली झाली तर वाफ धरते आणि ओतीव भोकाळतं, कोरडी राहिली तर साचा ढासळतो. ती बरोबर आहे का हे वडील मुठीनं बघायचे. मूठभर माती घ्यायची, आवळायची, मूठ उघडायची. गोळ्यावर चारी बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत, आणि गोळा मधोमध मोडला तर कडा न भुरभुरता तुटल्या पाहिजेत. अंगणात, रानात, लग्नाच्या मांडवातसुद्धा, ओली माती दिसली की त्यांची मूठ आपोआप वळायची. माझ्या लग्नात बोहल्याची माती आवळून बघताना त्यांना सासऱ्यांनी पाहिलं, आणि काय बोलावं ते त्यांना कळेना.

त्या मुठीवर मी दीड पान लिहिलं. पुस्तिका वाचून सर्वांत जास्त फोन त्याच दीड पानाबद्दल आले. "आमचा बापूस पण असंच करायचा," एवढंच म्हणायला लोकांनी फोन केले.

६. गावाचा आवाज किती लांब जातो ते बघा

वाडीतला आवाज म्हटलं की आम्हाला भोंगा आठवतो. आई घड्याळ न बघता भोंग्यावर भाकरी थापायची. पण त्याहून लांब गेलेला वाडीचा आवाज छापील होता.

१९२०मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. सुरुवात कारखान्याच्या बातम्यांची आणि नांगराच्या जाहिरातीची. 'खबर' हा शब्द सावरकरांना खटकला, पुढं नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकात आले. १९३०मध्ये 'स्त्री' निघालं, १९३४मध्ये 'मनोहर'. जिथं एक स्टेशन, एक कारखाना आणि चार चाळी, तिथून महाराष्ट्रभरच्या घरांत विधवाविवाह, शिक्षण, अंधश्रद्धा असल्या विषयांवर वाद लावून दिले जात होते.

मासिकं नंतर पुण्याला गेली. आमच्या घरी 'स्त्री'चा एक अंक पाच घरांत फिरून शेवटी यायचा. कोपरे दुमडलेले, पाककृतीच्या पानावर हळदीचा डाग. चौथीपर्यंत शिकलेली आई तो दुपारी मोठ्यानं वाचायची आणि शेजारच्या काकू निवडणं-टिपणं करत ऐकायच्या. एखादी गोष्ट पटली नाही की आई अंक मिटून म्हणायची, "हिला सासू नसंल." माझ्या मते 'स्त्री'वर झालेली ही सर्वांत नेमकी टीका.

७. जे पान गाळायला सांगतात, ते आधी लिहा

कुंडल आणि वाडी यांच्यात हाकेचं अंतर. कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं मोठं केंद्र. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली, ती याच लाइनवर. ते पान कुणी गाळा म्हणालं नाही. उलट 'अजून लिहा' म्हणाले.

पण ३० जानेवारी १९४८ला गांधीजींची हत्या झाली आणि मारेकरी ब्राह्मण म्हणून सातारा-सांगलीकडं ब्राह्मणांची घरं पेटली, तेव्हा वाडीचा कारखानाही जाळला गेला. त्याबद्दल विचारलं की माणसं पाणी आणायला आत जायची. पुस्तिकेच्या समितीतल्या एकानं हात धरून सांगितलं, "गुरुजी, कशाला? आता समदी गुण्यागोविंदानं राहत्यात."

मला वाटतं, म्हणूनच लिहिता येतं. मी कुणाचं नाव घेतलं नाही, रंग भरले नाहीत. आठ ओळी लिहिल्या : काय झालं, किती जळलं, आणि कारखाना पुन्हा कसा उभा राहिला. कारखाना पुन्हा उभा करायला लागलेले हातही पंचक्रोशीतलेच होते. माझे वडील त्यानंतरच कामाला लागले. ज्या माळावर राख होती, तिथल्या पगारावर आमचं घर चाललं. ते पान गाळलं असतं तर माझ्या बापाची नोकरी कुठून सुरू झाली हेच सांगता आलं नसतं.

८. आपलं गाव मोजायला दुसरं गाव बघून या

पुतण्या शिकागोत असतो. त्याच्याकडं गेलो तेव्हा त्यानं उंच इमारती दाखवायचं ठरवलं होतं, मी पुलमन बघू म्हणालो. रेल्वेचे झोपायचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमननं १८८०पासून कामगारांसाठी वसवलेलं हे गाव. विटांची सुबक घरं, बागा, दुकानं, वाचनालय. मला क्षणभर वाडीत आल्यासारखंच वाटलं.

मग कथा ऐकली. घरं कंपनीची, भाडं कंपनीला. वाचनालयाला वर्गणी. देखणं चर्च बांधलं, पण त्याचंही भाडं इतकं की बरेच दिवस कुणी घेईना. १८९३च्या मंदीत पगार कापले, घरभाडं मात्र जिथल्या तिथं. १८९४मध्ये संप पेटला, देशभरच्या रेल्वे अडल्या, सरकारनं सैन्य आणलं. १८९८मध्ये तिथल्या न्यायालयानं कंपनीला सांगितलं, कारखान्याला लागत नाही ती मालमत्ता विकून टाका. सगळं दिलं होतं. त्यात राहणाऱ्यांना विचारलेलं तेवढं नव्हतं.

परत आल्यावर मुद्दाम ओगलेवाडीला उतरलो. कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन तिथंच आहे. प्रभाकर कंदील घरोघर लावणारा तो कारखाना बंद पडून काळ लोटला. आमच्या माळ्यावरचा प्रभाकर अजून आहे, काच तडकलेली. स्टेशनाबाहेर वडापवाल्याला विचारलं, "ओगले कोण?" तो म्हणाला, "गावाचं नाव हाय." याच लाइनवर सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२२मध्ये कारखाना काढला, तिथंही नांगर बनायचे.

एकाच गाडीत बसून ही तिन्ही गावं बघता येतात. एका भोंग्यावर चालणाऱ्या गावाचं सुख मोठं, आणि धोकाही तिथंच : भोंगा थांबला तर गावाकडं स्वतःचं काय उरतं? वाडीचा भोंगा थांबला नाही, कारखान्यात पंप अजून बनतात. तरी मी पुस्तिकेत हा प्रश्न घातला. वाडीकडं शाळा होती, वाचायची सवय होती, आणि एकमेकांच्या चुका तोंडावर सांगणारे आबा-तात्या होते. माझ्या हिशेबी तेच गावाचं.

९. फोटोमागं नावं लिहा

शेवटचा धडा सर्वांत साधा, आणि मला सर्वांत महाग पडला. एका घरातून जुना फोटो मिळाला. हळदीकुंकवाचा, अठरा बायका, तीन रांगा, मागं कारखान्याची भिंत. मागच्या बाजूला काहीच लिहिलेलं नाही. तो घेऊन मी घरोघर हिंडलो. सात नावं लागली, त्यातली दोन 'अमक्याची आई' एवढीच. मोठा करून घ्यायला मूळ फोटो एका स्टुडिओत दिला आणि तिथं तो गहाळ झाला. माझ्याकडं राहिली ती मोबाइलवर काढलेली धूसर प्रत. ज्या घरानं फोटो दिला, त्या आजींना सांगायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "त्यात माझी आई हुती," एवढंच म्हणाल्या. मी पुढं काही बोलू शकलो नाही.

पुस्तिकेत तो धूसर फोटो छापलाय. खाली सात नावं आणि अकरा मोकळ्या रेघा. मेळाव्यात पुस्तिका वाटली त्या दिवशी दोघींनी पेन काढून दोन रेघा भरल्या. नऊ अजून मोकळ्या आहेत.

तेव्हा तुमचं गाव कुठलंही असो, आज संध्याकाळी एक काम करा. कपाटातला जुना फोटो काढा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा आणि मागं नावं लिहा, डावीकडून उजवीकडं. पेन्सिलनं लिहा. शाई पुढच्या बाजूला उमटते.